भंडारा जिल्हा परिषदेची शाळा कुणाची? आपलीच!



आपल्या वस्तीत नामकरण असो, मंगल परिणय असो की पुण्यानुमोदन, चार माणसे जमली की पोरांच्या शिक्षणाचा विषय निघतोच. कोणत्या कॉन्व्हेंटची फी किती, कुणाची व्हॅन कोणत्या चौकातून जाते, हे सगळ्यांना तोंडपाठ असते. पण आपल्याच गावातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षकांची किती पदे मंजूर आहेत, त्यांतली किती भरलेली आहेत, यंदा अनुदान किती आले आणि कशावर खर्च झाले, असे विचारले तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. ज्या शाळेने आपल्या दोन पिढ्यांना अक्षरओळख दिली, तिचा कारभार कसा चालतो हेच आपल्याला ठाऊक नाही! ही शाळा कुणाची, तिचा मालक कोण आणि ती राखायची असेल तर काय करावे लागेल, हे सांगण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख आहे. दर पाच माणसांपैकी चार माणसे खेड्यात राहतात. साक्षरता सुमारे ८४ टक्के भरली. पण पुरुष सुमारे ९० टक्के साक्षर, तर स्त्रिया सुमारे ७७ टक्के. म्हणजे घरातल्या माय-बहिणी तेरा पावले मागे! ज्या गावात कॉन्व्हेंट नाही, खाजगी हायस्कूल नाही, तिथे ही तेरा पावले भरून काढायला एकच जागा आहे, ती म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा.

ही शाळा आली कुठून?

ही शाळा कुणा दानशूराने दिलेली भीक नव्हे. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे साक्ष दिली, तेव्हा त्यांचा मुद्दा सरळ होता. सरकारचा महसूल बहुतांशी कष्टकरी शेतकऱ्याच्या घामातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गासाठी होतो. आधी खेड्यातल्या प्राथमिक शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. आपला भंडारा तेव्हा मध्यप्रांतात होता. तिथे १९२० साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, पण सक्ती करायची की नाही हे स्थानिक संस्थांच्या मर्जीवर सोडले होते. शेजारच्या नागपुरात मात्र आपल्याच माणसांनी वाट पाहिली नाही. किसन फागूजी बनसोडे, जाईबाई चौधरी यांनी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढल्या, मुलींनाही शिकवले.

पूज्य बाबासाहेबांनी १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर भाषण केले. शाळेत नाव घातलेल्या शंभर मुलांपैकी अवघी अठरा मुले चौथीपर्यंत पोहोचतात, ही आकडेवारी त्यांनी सभागृहापुढे ठेवली. नाव दाखल झाले म्हणजे शिक्षण झाले असे नव्हे, पोरगे टिकले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. याच बाबासाहेबांनी १९५४ साली आपल्या भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली. आपल्या जिल्ह्याने त्यांना निवडून दिले नाही. ही खंत जुन्या माणसांच्या तोंडून आपण आजही ऐकतो. मतपेटीतले ते ऋण फिटणार नाही. शाळेच्या हजेरीपटावरचे तरी फेडू या!

कारभाराचा इतिहासही थोडक्यात पाहू. मध्यप्रांतात १९४८ च्या कायद्याने तहसीलवार जनपद सभा झाल्या. १ नोव्हेंबर १९५६ ला, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर तिसऱ्याच आठवड्यात, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. १९६० ला महाराष्ट्र झाला. १९६१ च्या कायद्याने १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावोगावच्या शाळा त्यांच्या हाती आल्या. विदर्भात प्राथमिक शाळांबरोबर हायस्कुलेही जिल्हा परिषदेकडे आहेत. पश्चिम महाराष्ट्रात हे फारसे दिसत नाही. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि आपल्याकडे भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी असे सात तालुके राहिले.

कारभाराची शिडी

तक्रार कुणाकडे करावी हे माहीत नसले की माणूस हेलपाटे मारून थकतो. म्हणून ही शिडी ध्यानात ठेवा. शाळेत मुख्याध्यापक. दहा-पंधरा शाळांच्या केंद्रावर केंद्रप्रमुख. त्यांच्या वर विस्तार अधिकारी. तालुक्याला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. जिल्ह्याला शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि शिक्षणाधिकारी (माध्यमिक). या सगळ्यांच्या वर मुख्य कार्यकारी अधिकारी. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे, तिला लोक ‘डायट’ म्हणतात.

ही झाली नोकरवर्गाची शिडी. दुसरी शिडी आपल्या मतांची. भंडारा जिल्हा परिषदेचे ५२ गट आहेत. २०२१-२२ च्या निवडणुकीत या ५२ गटांतून सदस्य निवडून गेले. त्यांच्यातूनच शिक्षण समिती होते आणि तिचा सभापती असतो. मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला आपण नाली विचारतो, रस्ता विचारतो, समाजमंदिराचे शेड विचारतो. ‘शाळेत दुसरा शिक्षक केव्हा येणार?’ असे किती जण विचारतात?

या दोन्ही शिड्यांच्या मुळाशी एक पायरी आहे. ती सर्वांत खालची, पण आपल्या हातातली: शाळा व्यवस्थापन समिती. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. अध्यक्ष पालकांतूनच होतो, मुख्याध्यापक सचिव असतात. पण अनेक गावांत आम्ही पाहतो, समिती कागदावर होते. आपल्या वस्तीतल्या एका बाईचे नाव घातले जाते, रजिस्टर घरी येते, ती बांधीतून आलेल्या चिखलाच्या हाताने अंगठा किंवा सही करते आणि सभा झाली! ज्या सभेला आपण गेलोच नाही, त्या सभेच्या ठरावावर आपली सही असणे हा अडाणीपणा आता आपण सोडला पाहिजे.

पैसा येतो कुठून, जातो कुठे?

आम्ही कारकुनी करणारी माणसे. आकडा दिसला की बेरीज केल्याशिवाय राहवत नाही. शिक्षकांचा पगार राज्य शासन देते, तो जिल्हा परिषदेमार्फत होतो. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तके मोफत. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे. ही योजना १९९५ साली सुरू झाली, तेव्हा मुलांना घरी न्यायला तांदूळ मिळत असे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ ला शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि शाळेत चूल पेटली. एकाच पंगतीत सर्व जातींची लेकरे जेवतात, हे दृश्य ज्यांना क्षुल्लक वाटते त्यांनी आपल्या आजोबांना विचारावे की त्यांना शाळेत पाणी कोण आणि किती उंचावरून वाढत असे!

आता शाळेच्या खर्चाकडे या. समग्र शिक्षा योजनेत शाळेला वर्षाचे संयुक्त अनुदान पटाप्रमाणे ठरवलेले आहे. तीसच्या आतल्या पटाला १० हजार रुपये, शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार, हजारापर्यंत ७५ हजार. लहान शाळेचे १० हजार बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला ८३३ रुपये होतात. खडू, कागद, दुरुस्ती, संडासाची स्वच्छता, विजेचे बिल, सगळे यातच! एवढ्या रकमेत शाळा चकचकीत का दिसत नाही, असे विचारणाऱ्याने आधी आपल्या घरचे महिन्याचे बिल काढून पाहावे. पण हेही तितकेच खरे, की आलेल्या पैशाचा हिशेब समितीपुढे आलाच पाहिजे. पैसा थोडा आहे म्हणून हिशेब नको, असे कोणत्याही खातेवहीत लिहिलेले नाही.

एक उदाहरण तर प्रत्येक घराने लक्षात ठेवण्यासारखे आहे. गरीब व मागासवर्गीय मुलींनी शाळेत टिकावे म्हणून १९९२ साली पहिली ते चौथीच्या मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. त्या काळी रुपयाला किंमत होती. पुढे तीन दशके तो रुपया रुपयाच राहिला. महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढावा म्हणून आम्ही नोकरदार घोषणा देतो. आमच्याच पुतणीच्या रुपयासाठी आम्ही किती वेळा निवेदन दिले?

पट कमी, शाळा बंद

आता मूळ दुखण्याकडे येऊ. दरवर्षी ३० सप्टेंबरचा पट धरून शिक्षकांची संचमान्यता ठरते, म्हणजे किती शिक्षक द्यायचे ते ठरते. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. पट घसरला की पद जाते, पद गेले की शिकवणे ढिले पडते, शिकवणे ढिले पडले की आणखी दोन पालक पोरांना काढतात, आणि पट पुन्हा घसरतो. विहिरीचे पाणी असेच आटत जाते. तळ दिसेपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या राज्यातील १,३१४ शाळा बंद करण्याचे ठरले, तेव्हा मोठा गदारोळ झाला. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळांचा आकडा पुढे आला. त्यांत १ लाख ८५ हजारांवर विद्यार्थी शिकत होते. अशा शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा विचार त्याच वर्षी शासनाने मांडला. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले, त्यावर शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. समूह शाळेत प्रयोगशाळा मिळेल, मैदान मिळेल, हे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण आमचा प्रश्न वेगळा आहे. शाळा चार कोस लांब गेली तर सायकल कुणाला मिळेल, पोराला की पोरीला? रोवणीच्या दिवसांत माय परे उपटायला गेली की धाकट्या भावाला सांभाळायला कोण घरी राहील? उत्तर आपल्याला माहीत आहे. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. हा नियम पोरींसाठी कुंपण आहे. ते मोडले की पहिल्यांदा त्याच बाहेर पडतात.

सप्टेंबर महिना आपल्या जिल्ह्याला तसाही जड जातो. २९ सप्टेंबर २००६ ला मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत सुरेखाताई भोतमांगे, प्रियंका, रोशन आणि सुधीर यांना मारले गेले. आपली लेकरे शिकावीत, ताठ मानेने जगावीत, ही त्या माउलीची धडपड होती. प्रियंका शिकत होती. शिकणारी बौद्ध पोरगी काहींच्या डोळ्यांत का खुपते, हे ज्याला कळले, तो शाळेच्या पटावरचे एक नाव कमी होताना स्वस्थ बसू शकत नाही.

समुद्रापलीकडचा धडा

ज्या १९५४ साली बाबासाहेब भंडाऱ्यात लढले, त्याच वर्षी १७ मे रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. अमेरिकेत आपल्या जिल्ह्यासारखा विभाग असतो, त्याला काउंटी म्हणतात. व्हर्जिनिया राज्यातील प्रिन्स एडवर्ड काउंटीत बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या काळ्या मुलीने १९५१ सालीच आपल्या हायस्कूलमध्ये संप घडवून आणला होता, कारण शाळेला धड इमारत नव्हती. तिच्या शाळेचा खटला पुढे त्याच निकालात सामील झाला. मग त्या काउंटीच्या गोऱ्या कारभाऱ्यांनी काय केले? काळ्या मुलांना शेजारी बसू द्यावे लागेल म्हणून १९५९ साली सगळ्या सरकारी शाळांना टाळे ठोकले! गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. काळी मुले पाच वर्षे शाळेविना राहिली. १९६४ साली न्यायालयाच्या आदेशाने शाळा पुन्हा उघडल्या, पण ज्यांचे बालपण गेले ते गेलेच.

आपल्याकडे शाळा बंद होते ती पट नाही म्हणून, तिकडे बंद झाली ती द्वेषापोटी. दोन्ही गोष्टी एक नव्हेत. पण सरकारी शाळेला कुलूप लागले की ज्याच्याकडे पैसा आहे तो दुसरी वाट काढतो आणि ज्याच्याकडे नाही तो रस्त्यावर येतो, एवढे मात्र दोन्हीकडे सारखेच.

कॉन्व्हेंट की जिल्हा परिषद?

ज्याने पोटाला चिमटा घेऊन पोराला कॉन्व्हेंटात घातले, त्याला आम्ही नावे ठेवणार नाही. विडीच्या पानावर, धानाच्या बांधीत, चिखल्याच्या मँगनीज खाणीत राबणाऱ्या बापाला आपले पोरगे इंग्रजी बोलावे असे वाटणे यात गैर काय? पण दोन गोष्टी माहीत करून घ्या. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी आहे. आणि आठवीत होणारी एनएमएमएस परीक्षा फक्त शासकीय, अनुदानित व स्थानिक संस्थांच्या शाळेतल्या मुलांनाच देता येते. घरचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि पोरगे निवड यादीत आले, तर नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये, म्हणजे एकूण ४८ हजार मिळतात. विनाअनुदानित कॉन्व्हेंटच्या मुलाला हे दार बंद आहे. फी भरून आपण हक्काची शिष्यवृत्तीही घालवतो, हा हिशेब कधी मांडला आहे काय?

शाळेचे दोषही लपवायचे नाहीत. पदे रिकामी राहतात. गुरुजींचा अर्धा वेळ मोबाइलवर माहिती भरण्यात जातो. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीचे काम सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला जुंपू नये, असे कायद्याचे कलम २७ सांगते. ते कलम शिक्षकांसाठी आहे असे समजू नका; ते आपल्या लेकरांच्या तासासाठी आहे. जो गुरुजी घरी झाडीबोली बोलणाऱ्या लेकराला हसत नाही, त्याच बोलीतून त्याला पुस्तकाच्या मराठीपर्यंत हात धरून नेतो, असे गुरुजी आणि बाई आपल्या जिल्ह्यात आहेत. त्यांच्या पाठीशी उभे राहणे हेही समाजकार्यच आहे.

आता काय करायचे?

बुद्धविहारात दर रविवारी वंदना झाली की पंधरा मिनिटे शाळेसाठी काढा. हे पाच ठराव करा.

१) वस्तीतल्या सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलामुलीची यादी करा. कोण शाळेत जात नाही, कोण मायबापाबरोबर बाहेरगावी कामाला गेले, ते लिहा. ३० सप्टेंबरपूर्वी एकही नाव पटाबाहेर राहता कामा नये.

२) शाळा व्यवस्थापन समितीच्या निवडीच्या दिवशी मजुरी बुडाली तरी चालेल, पण हजर राहा. आपल्या शिकलेल्या सुनांना, लेकींना समितीत पाठवा.

३) सही करण्याआधी ठराव मोठ्याने वाचायला सांगा. अनुदानाची रक्कम व खर्च फळ्यावर लिहायला सांगा.

४) अडचण असेल तर तोंडी बोलू नका, अर्ज लिहा, पोच घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाने तक्रारीचा निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो. माहिती दडवली तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच.

५) सातवी-आठवीच्या मुलांना एनएमएमएस आणि शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी विहारातच करून द्या. बीए, बीकॉम, डीएड होऊन घरी बसलेले तरुण प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांनी संध्याकाळचा एक तास द्यावा.

पवनीला १९६९-७० साली उत्खनन झाले, तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीचे स्तूप मातीखालून वर आले. त्या काळच्या उपासक-उपासिकांनी दिलेल्या दानाचे लेख तिथल्या दगडांवर सापडले. ज्या मातीत साध्या माणसांची नावे दगडावर कोरली गेली, त्याच मातीत आपल्या पोरीचे नाव शाळेच्या हजेरीपटावर टिकवता येऊ नये काय? बाबासाहेबांनी शिकायला सांगितले. शिकण्याची जागाच हातची गेली तर शिकणार कुठे? येत्या रविवारी विहारात यादीची वही घेऊन या!

जयभीम! नमो बुद्धाय!